मोटर प्रोटेक्शन रिलेची परिभाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅनेल चालू करून देताना, रिलेची चाचणी घेताना आणि मग कित्येक महिन्यांनी फोनवरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे वायरमन असतात, मेंटेनन्सचे इंजिनिअर असतात, डिप्लोमाची मुलं असतात. शब्द एकच असतो, पण प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा, आणि त्या फरकापायी चांगल्या मोटरी जळतात. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा न सांगता तिथला क्रमांक दिला आहे.

१. फ्यूज आहे, काँटॅक्टर आहे. मग रिले आणखी कशासाठी?

तिघांची कामं वेगळी आहेत. फ्यूज शॉर्ट सर्किटसाठी असतो. काँटॅक्टर मोटर चालू-बंद करतो, स्वतः काही ठरवत नाही. मोटर कधी थांबवायची, हे ठरवण्याचं काम रिलेचं. करंट २० टक्क्यांनी वाढला तर फ्यूज तो तासन्‌तास धरून ठेवेल, पण तेवढ्याच करंटने वाइंडिंग आतून शिजत राहील. इन्सुलेशन मर्यादेपेक्षा १० अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे आणि तो आजही उपयोगी पडतो.

रिलेला मोटर दिसत नाही, एवढं मनात पक्कं धरा. वेगळा सेन्सर जोडला नसेल तर त्याला दिसतो फक्त करंट, आणि त्यावरून तो उष्णतेचा हिशेब ठेवतो. खालचे बहुतेक शब्द या हिशेबातलेच आहेत.

२. फुल लोड करंट, सेट करंट आणि पिकअप हे एकच का?

नाही. फुल लोड करंट मोटरच्या नेमप्लेटवर असतो. सेट करंट म्हणजे रिलेच्या डायलवर तुम्ही ठेवलेला आकडा. पिकअप म्हणजे ज्या करंटच्या वर रिले वेळ मोजायला लागतो, तो करंट.

बायमेटल रिलेमध्ये (करंटने तापून वाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या) पिकअपचा फरक आतच धरलेला असतो. आयईसी ६०९४७-४-१ या मानकानुसार सेट करंटच्या १.०५ पटीला रिले २ तासांत ट्रिप होता, म्हणजे मोटर बंद पाडता कामा नये, आणि त्यानंतर करंट १.२ पट केला तर २ तासांच्या आत ट्रिप झालाच पाहिजे. म्हणजे डायल २० अँपिअरवर असेल तर २१ अँपिअरला रिले गप्प राहील, २४ अँपिअरला बोलेल. म्हणून डायल नेमप्लेटच्या आकड्यावरच ठेवायचा. 'थोडी जागा असू दे' म्हणून २० ऐवजी २३ ठेवला, तर मोटर २४ अँपिअरवर दिवसभर चालेल आणि रिले हलणारही नाही.

इलेक्ट्रॉनिक रिलेमध्ये हाच गुणक तुम्हाला हाताने द्यावा लागतो, बहुधा १.०५ किंवा १.१. तो न पाहता नेमप्लेटचा आकडा आधीच वाढवून टाकला, तर एकच सूट दोनदा दिली जाते.

३. ओव्हरलोड आणि ओव्हरकरंट यांत फरक काय?

ओव्हरकरंट म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त असलेला कोणताही करंट. ओव्हरलोड हा त्यातला एक प्रकार: विजेचा मार्ग शाबूत आहे, पण मोटरवर यांत्रिक भार जास्त आहे. इथे घाई नको, उष्णतेचा हिशेब हवा. शॉर्ट सर्किटला मात्र क्षणाचाही उशीर नको. म्हणून एकाच रिलेमध्ये दोन्ही वेगवेगळ्या नावांनी आणि वेगळ्या सेटिंगने असतात (क्रमांक १० पाहा).

४. रिलेवर ९५-९६ आणि ९७-९८ लिहिलंय. ते काय?

९५-९६ हा नेहमी जुळलेला संपर्क. तो काँटॅक्टरच्या कॉइलच्या मालिकेत जातो, रिले ट्रिप झाला की उघडतो आणि कॉइल सुटते. ९७-९८ नेहमी उघडा असतो. ट्रिप झाल्यावर तो जुळतो, म्हणून त्यावर दिवा किंवा अलार्म लावतात. दोन्हींची अदलाबदल झाली तर मोटर सुरूच होणार नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. ९५-९६ जोडायचाच राहून गेला आणि कॉइल थेट लावली, तर मात्र मोटर झकास चालते आणि संरक्षण शून्य. म्हणून काम संपल्यावर रिलेचं टेस्ट बटण दाबून काँटॅक्टर खरंच सुटतो का, हे कानांनी ऐका.

५. ट्रिप क्लास १०, २०, ३० म्हणजे सेकंद का?

सेकंदच, पण एका ठरावीक स्थितीतले. थंड रिलेमधून सेट करंटच्या ७.२ पट करंट सोडला तर क्लास १० चा रिले ४ ते १० सेकंदांत, क्लास २० चा ६ ते २० आणि क्लास ३० चा ९ ते ३० सेकंदांत ट्रिप होतो. क्लास १०-ए असाही एक आहे, तो २ ते १० सेकंदांत.

क्लास निवडताना दोन आकडे पाहायचे: मोटरला वेग घ्यायला किती वेळ लागतो, आणि रोटर अडकला तर मोटर किती वेळ तग धरते. रिलेची वेळ या दोहोंच्या मध्ये बसली पाहिजे. साध्या पंपाला क्लास १० पुरतो. जड पंख्याला किंवा क्रशरला २० किंवा ३० लागू शकतो. सुरू होताना मोटर ट्रिप होते म्हणून क्लास १० काढून ३० लावायचा असेल, तर मोटरच्या डेटाशीटवर अडकलेल्या रोटरची सुरक्षित वेळ आधी पाहा. तो आकडा १२ सेकंद असेल, तर क्लास ३० चा रिले मोटर जळून गेल्यावर ट्रिप होऊ शकतो.

६. थर्मल मेमरी, थर्मल कपॅसिटी, हॉट कर्व्ह, कोल्ड कर्व्ह... सगळं एकदा नीट सांगा ना.

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

मोटर हे उष्णतेचं भांडं समजा. करंटच्या वर्गाच्या प्रमाणात त्यात उष्णता पडते आणि हवेमुळे ती बाहेर जाते. भांडं किती भरलं आहे, ते रिले टक्क्यांत दाखवतो. तीच 'थर्मल कपॅसिटी यूज्ड'. १०० टक्के झाले की ट्रिप. भांडं किती वेगाने भरतं, हे 'टाइम कॉन्स्टंट' सांगतो: करंट कायम राहिला तर अंतिम तापमानवाढीच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला लागणारा वेळ.

आता आकडे घालू. टाइम कॉन्स्टंट २० मिनिटं, गुणक १.०५ आणि करंट एकदम दुप्पट झाला. मोटर पूर्ण थंड असेल तर रिले सुमारे साडेसहा मिनिटांनी ट्रिप होईल. तीच मोटर आधीपासून पूर्ण लोडवर स्थिर चालत असेल, तर रिले साधारण ४२ सेकंदांत ट्रिप होईल. करंट तोच, सेटिंग तेच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी भांडं आधीच ९१ टक्के भरलेलं होतं. पहिला कोल्ड कर्व्ह, दुसरा हॉट कर्व्ह. 'काल दुप्पट करंट पाच मिनिटं चालला, आज लगेच ट्रिप का?' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा यातच असतं.

हा भरलेपणा लक्षात ठेवणं म्हणजे थर्मल मेमरी. कंट्रोल सप्लाय गेला तर काही रिले ती विसरतात आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतात. तापलेल्या मोटरसाठी हे घातक आहे. रिले निवडताना हा एक प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा.

थंड होण्याचा टाइम कॉन्स्टंट वेगळा असतो. शाफ्टवर स्वतःचा पंखा असलेली मोटर थांबली की पंखाही थांबतो, म्हणून ती चालताना तापते त्याहून खूप सावकाश निवते. थांबलेल्या मोटरचा टाइम कॉन्स्टंट ६० मिनिटं धरला, तर ९१ वरून ५० टक्क्यांवर यायला सुमारे ३६ मिनिटं लागतील.

७. मग 'रीस्टार्ट इनहिबिट' हेच का? रिले ट्रिप नाही, तरी मोटर सुरूच करू देत नाही.

हो, तेच. एका स्टार्टला भांड्यात किती टक्के भर पडते ते रिलेला माहीत असतं, तुम्ही दिलेलं किंवा त्याने मागच्या स्टार्टवरून शिकलेलं. स्टार्टला ५० टक्के लागणार आणि भांडं ७० टक्के भरलेलं, तर तो थांबवतो. बरोबरच करतो. अर्धवट स्टार्ट होऊन ट्रिप झाली, तर पुढची वाट आणखी लांबते.

ताशी स्टार्टची मर्यादा हे याचंच ढोबळ रूप. नेमा एमजी-१ या मानकात सर्वसाधारण मोटरसाठी थंड अवस्थेत लागोपाठ २ स्टार्ट किंवा गरम अवस्थेत १ स्टार्ट धरला आहे. आगीच्या पंपासारख्या ठिकाणी 'इमर्जन्सी रीस्टार्ट' असतो, तो मेमरी पुसून मोटर सुरू करू देतो. त्याची किल्ली ज्याच्या-त्याच्या हाती नसावी.

८. ऑटो रीसेट ठेवू की मॅन्युअल?

मॅन्युअल. अपवाद फार थोडे. फ्लोट स्विच किंवा प्रेशर स्विचवर चालणाऱ्या मोटरला ऑटो रीसेट दिला, तर बायमेटल निवताच मोटर आपोआप सुरू होते. त्या वेळी कुणाचा हात कपलिंगवर असेल तर? शिवाय कारण दूर न होता मोटर तासातासाला ट्रिप होऊन पुन्हा सुरू होत राहते आणि वाइंडिंग शेवटी जातंच. पुश बटणाच्या स्टार्टरमध्ये रीसेट झाला तरी मोटर सुरू होत नाही, त्यामुळे तिथे हा धोका कमी.

काही ठिकाणी रीसेटचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं दिसतं. चांगला रिले 'ट्रिप-फ्री' असतो, म्हणजे बटण दाबलेलं असतानाही तो ट्रिप होतो. पट्टीने मोटर चालू राहत नाही, फक्त ट्रिप झाल्याची खूण लपते.

९. स्टार-डेल्टामध्ये ओव्हरलोड किती अँपिअरवर ठेवायचा?

स्टार-डेल्टा म्हणजे वाइंडिंग आधी स्टारमध्ये जोडून मोटर सुरू करायची आणि मग डेल्टामध्ये चालवायची पद्धत. आकडा ठरतो रिले कुठे बसला आहे, त्यावर. तो मेन काँटॅक्टरच्या खाली, मोटरकडे जाणाऱ्या तीन तारांत असेल, तर डेल्टामध्ये त्यातून वाइंडिंगचा करंट जातो. हा लाइन करंटच्या ०.५८ पट असतो. नेमप्लेट ५० अँपिअर, तर डायल २९ वर.

रिले मेन आणि डेल्टा या दोन्ही काँटॅक्टरच्या आधी, मुख्य लाइनवर असेल तर ५० वर. पण त्यात एक उणीव आहे. टायमर अडकून मोटर स्टारमध्येच राहिली, तर वाइंडिंगमधून लाइनइतकाच करंट जातो. वाइंडिंगची मर्यादा २९ आणि रिले ५० ची वाट पाहत बसलेला. म्हणून पहिली जागा चांगली.

१०. ४९, ५०, ५१, ४६ हे आकडे कसले?

ही आयट्रिपलई सी३७.२ या मानकातली उपकरण-क्रमांकांची पद्धत. लोक त्यांना अजूनही अन्सी नंबर म्हणतात. मोटरसाठी नेहमी लागणारे एवढे: ४९ थर्मल ओव्हरलोड, ५० तात्काळ ओव्हरकरंट, ५१ वेळ घेऊन ट्रिप होणारा ओव्हरकरंट, मागे एन लागला की अर्थ फॉल्ट (करंट जमिनीकडे गळणं). ४६ करंटचा असमतोल, ४७ व्होल्टेजचा फेज क्रम, २७ कमी व्होल्टेज, ३७ कमी करंट, ४८ स्टार्ट वेळेत पूर्ण न होणं, ६६ ताशी स्टार्ट, ३८ बेअरिंगचं तापमान, ८७ डिफरन्शियल (आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या करंटमधला फरक). ८६ म्हणजे लॉकआउट: कुणी येऊन हाताने रीसेट करेपर्यंत स्टार्ट बंद.

११. सिंगल फेजिंग झालं, ओव्हरलोड रिले होता, सेटिंगही बरोबर होतं. तरी मोटर जळाली. कशी?

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांची तळमळ मी समजू शकतो, कारण सगळं नियमाप्रमाणे केलेलं असतं.

चालत्या मोटरचा एक फेज गेला आणि भार तोच राहिला, तर उरलेल्या दोन तारांतला करंट साधारण १.७३ पट होतो. मोटर पूर्ण लोडवर असती तर रिले लवकरच ट्रिप झाला असता. पण ती ६० टक्के लोडवर असेल तर? ०.६ ला १.७३ ने गुणलं की १.०४ येतात. १.०५ च्या खाली (क्रमांक २). साध्या रिलेच्या दृष्टीने सगळं ठीक.

आत डेल्टामध्ये मात्र करंट सारखा वाटला जात नाही. जिवंत दोन तारांना थेट जोडलेल्या एका वाइंडिंगमधून दोनतृतीयांश करंट जातो, उरलेल्या दोहोंतून एकतृतीयांश. त्या एका वाइंडिंगचा करंट त्याच्या मर्यादेपेक्षा सुमारे २० टक्के वर असतो, म्हणजे उष्णता जवळपास दीडपट. शिवाय रोटर तापतो तो वेगळाच. मोटर उघडल्यावर एकाच फेजची कॉइल काळी आणि बाकीच्या जवळपास जशाच्या तशा दिसल्या, तर कारण ओळखायला वेळ लागत नाही.

यासाठी 'फेज लॉस सेन्सिटिव्ह' बायमेटल रिले असतात. त्यात तीन पट्ट्या सारख्या वाकल्या नाहीत तर सरकपट्टी रिलेला आधीच ढकलते. तरी मानकात त्यांचीही कसोटी दोन फेजमध्ये १.१५ पट आणि तिसऱ्यात शून्य, २ तासांच्या आत ट्रिप अशी आहे. इलेक्ट्रॉनिक रिले किंवा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हे काही सेकंदांत करतो. मोटर महत्त्वाची असेल तर हा खर्च टाळू नका.

१२. निगेटिव्ह सीक्वेन्स म्हणजे काय? आणि त्याने रोटरच का तापतो?

तीन फेज असमतोल झाले की गणिताने त्यांचे दोन भाग पाडता येतात: मोटर फिरते त्याच दिशेने फिरणारं एक चुंबकीय क्षेत्र आणि उलट दिशेने फिरणारं दुसरं. उलटं ते निगेटिव्ह सीक्वेन्स. रोटर पुढे पळतोय आणि हे क्षेत्र समोरून येतंय, म्हणून ५० हर्ट्झच्या सप्लायवर रोटरला ते जवळपास १०० हर्ट्झचं वाटतं. इतक्या फ्रिक्वेन्सीला करंट रोटर बारच्या वरच्या थरातच गोळा होतो, तिथला रोध वाढतो आणि बार तापतात.

व्होल्टेजमधला थोडासा असमतोलही पुरतो. करंटमधला असमतोल त्याच्या साधारण ६ ते १० पट होतो. म्हणजे व्होल्टेजमध्ये २ टक्के फरक आणि क्लॅम्प मीटरवर १५ टक्के फरक दिसला, तर लगेच मोटरला दोष देऊ नका.

१३. एकाच मोटरवर दोन रिले दोन वेगळे असमतोल दाखवतात. कोणता खोटा?

कदाचित दोन्ही खरे. व्याख्या वेगळ्या आहेत. समजा करंट २०, १८ आणि १६ अँपिअर आहेत. सरासरीपासूनचं सर्वांत मोठं अंतर सरासरीने भागलं तर ११ टक्के येतात. सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान, भागिले सर्वांत मोठा, असं केलं तर २० टक्के. तिसरे रिले निगेटिव्ह सीक्वेन्सचं पॉझिटिव्हशी किंवा फुल लोड करंटशी प्रमाण दाखवतात. जुन्या रिलेचं सेटिंग नव्यात जसंच्या तसं उतरवण्याआधी मॅन्युअलमधली व्याख्या वाचा.

१४. तिन्ही फेजचा करंट सारखा आहे, तरी ४६ वर ट्रिप होते. रिले खराब?

बहुतेक नाही. नवीन पॅनेलवर हे दोन कारणांनी होतं. रिलेमध्ये फेज क्रम उलटा निवडलेला असेल, तर त्याला सरळ करंटच निगेटिव्ह वाटतो आणि पॉझिटिव्ह जवळपास शून्य दिसतं. दुसरं, एखादा सीटी (रिलेला करंट मोजून देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) उलटा जोडलेला असेल. तेव्हा निगेटिव्ह सीक्वेन्स पॉझिटिव्हच्या बरोबर दुप्पट दिसतो, आणि तीन सीटींच्या बेरजेवर चालणारा अर्थ फॉल्टही बोंब मारतो. स्क्रीनवर हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले तर स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्याआधीच निदान होतं.

१५. लॉक्ड रोटर, स्टॉल आणि जॅम यांत फरक काय?

लॉक्ड रोटर ही स्थिती: रोटर फिरतच नाही आणि करंट फुल लोडच्या साधारण ६ पट. म्हणजे वाइंडिंगमध्ये उष्णता ३६ पट. स्टॉल म्हणजे सुरू होतानाच अडकणं, जॅम म्हणजे चालताना अडकणं. जॅमचं सेटिंग स्टार्ट संपल्यावरच जागं होतं, म्हणून ते दुप्पट करंट आणि एक-दोन सेकंद इतकं कडक ठेवता येतं. स्टॉलचं सेटिंग स्टार्टच्या वेळेपेक्षा जास्त आणि मोटरच्या सुरक्षित वेळेपेक्षा कमी हवं.

अडचण येते ती जड पंख्यांना. स्टार्टला १८ सेकंद लागतात आणि गरम अवस्थेत अडकलेल्या रोटरची सुरक्षित वेळ १२ सेकंद. मग मध्ये जागाच नाही. मोटर मात्र १८ सेकंदांच्या स्टार्टमध्ये जळत नाही, कारण फिरायला लागलेल्या रोटरचा रोध कमी होत जातो आणि त्याला हवाही मिळते. करंट पाहून रिलेला हा फरक कळत नाही. अशा वेळी शाफ्टवर स्पीड स्विच लावतात: १० सेकंदांत रोटर हललाच नाही तर ट्रिप, हलला असेल तर स्टार्ट पूर्ण होऊ द्या.

१६. अर्थ फॉल्टसाठी सीबीसीटीच का? तीन सीटींची बेरीज चालत नाही का?

चालते, पण सेटिंग जाड ठेवावं लागतं. स्टार्टच्या पहिल्या क्षणी करंटमध्ये डीसीचा भाग असतो, तीन सीटी सारखे संतृप्त होत नाहीत, आणि नसलेला अर्थ करंट रिलेला दिसतो. 'सुरू करताच अर्थ फॉल्ट, मेगर मात्र चांगला' (मेगर म्हणजे इन्सुलेशनची चाचणी) ही तक्रार बहुधा यातून येते. सीबीसीटी म्हणजे कोअर बॅलन्स सीटी. तिन्ही तारा एकाच खिडकीतून जातात, त्यामुळे बेरीज लोखंडातच होते आणि अगदी थोडा गळणारा करंटही पकडता येतो.

मात्र केबलचं आर्मर (बाहेरचं धातूचं कवच) सीबीसीटीच्या खिडकीतून जात असेल, तर त्याची अर्थ वायर उलट दिशेने परत खिडकीतून घेऊन मगच अर्थला जोडायची. असं न केल्यास फॉल्टचा करंट तारेतून जातो, आर्मरमधून परत येतो, दोन्ही खिडकीत एकमेकांना मारतात आणि रिलेला शून्य दिसतं. एका कारखान्यात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. मोटरचं वाइंडिंग बॉडीला लागलं होतं, तिचा रिले गप्प आणि वरचा इनकमर (विभागाचा मुख्य ब्रेकर) पडून अर्धा विभाग अंधारात. चाचणीच्या कागदावर रिले पास होता. चाचणी खिडकीतून वेगळी तार ओवून केली होती, आणि तशा चाचणीत आर्मरची ही चूक दिसतच नाही. तेव्हापासून मी रिले तपासण्याआधी टॉर्च घेऊन केबल ग्लँडची अर्थ वायर पाहतो.

१७. काँटॅक्टर आणि फ्यूजच्या पॅनेलमध्ये ५० बंद का ठेवलेला असतो?

काँटॅक्टरची करंट तोडण्याची क्षमता मर्यादित असते. शॉर्ट सर्किटमध्ये रिलेने त्याला घाईने उघडायला लावलं, तर तो स्वतःच फुटू शकतो. तो करंट फ्यूजने तोडायचा. म्हणून ५० बंद, आणि अर्थ फॉल्टलाही करंट फार मोठा असेल तर थांबायला सांगणारं ब्लॉकिंग. सर्किट ब्रेकर असेल तिथे ५० चालू ठेवतात, सुरुवातीच्या करंटच्या किमान दीडपट वर.

१८. पंप कोरडा चालला तर ३७ पकडतो का?

कधी पकडतो, कधी नाही. इंडक्शन मोटर काही काम करत नसली तरी चुंबकीकरणाचा करंट घेतेच. तो बऱ्याच मोटरींत फुल लोडच्या ३० ते ५० टक्के असतो. पंप ६० टक्क्यांवर चालत असेल तर कोरडा आणि भरलेला यांतलं अंतर फारच थोडं उरतं. शक्ती मोजणारा रिले इथे खूप सरस, कारण पाणी गेलं की पॉवर फॅक्टरही कोसळतो. सेटिंग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून प्रत्यक्ष आकडा पाहून ठेवा.

१९. पीटीसी आणि पीटी-१०० एकच का?

दोन्ही वाइंडिंगमध्ये बसतात, साम्य तिथेच संपतं. पीटी-१०० चा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम, त्यामुळे खरं तापमान वाचता येतं. त्याला तीन तारा लागतात, कारण तारेचा एक ओहमही मोजणीत अडीच अंशांहून जास्त चूक घालतो. पीटीसी थर्मिस्टर तापमान सांगत नाही. ठरलेल्या तापमानाजवळ त्याचा रोध एकदम उसळतो आणि रिले १,६५० ते ४,००० ओहमच्या दरम्यान ट्रिप होतो. पीटीसीवर मेगर लावू नका. साध्या कमी व्होल्टेजच्या मीटरने मोजा.

दोन्हींची एक मर्यादा सारखी. रोटर अडकला तर तांबं इतक्या झपाट्याने तापतं की सेन्सरपर्यंत उष्णता पोचायला उशीर होतो, आणि रोटर तर त्यांना दिसतच नाही. म्हणून सेन्सर असला तरी क्रमांक १५ मधलं संरक्षण हवंच.

२०. ड्राइव्ह लावल्यावर जुना ओव्हरलोड रिले ठेवू का?

ड्राइव्ह म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण. रिले त्याच्या आधी ठेवून उपयोग नाही, तिथला करंट मोटरचा नसतो. ड्राइव्हच्या पुढे, कमी फ्रिक्वेन्सीला सीटीवर चालणारे रिले चुकीचं वाचू शकतात. आणि खरी अडचण हवेची आहे: १५ हर्ट्झवर मोटरचा स्वतःचा पंखाही रेंगाळतो, त्यामुळे नेमप्लेटइतक्या करंटनेही ती तापते. ड्राइव्हमधलं थर्मल संरक्षण मोटरच्या आकड्यांवर भरा आणि सोबत पीटीसी जोडा. बायपास असेल तर बायपासच्या वाटेवर वेगळा ओव्हरलोड.

२१. मोटरच्या टर्मिनलवर कपॅसिटर आहे. सेटिंग बदलायचं का?

कपॅसिटर रिलेच्या पुढे, मोटरच्या बाजूला असेल तर हो. रिलेमधून आता कमी करंट जातो. ४० अँपिअरची मोटर, पॉवर फॅक्टर ०.८५ वरून ०.९५ झाला, तर रिलेला पूर्ण लोडला सुमारे ३६ अँपिअर दिसतील. डायल ४० वर राहिला तर तुम्ही नकळत ११ टक्के सूट दिलीत.

२२. सिंगल फेज मोटरला तीन पोलचा रिले चालेल का?

चालेल, करंट तिन्ही पोलमधून मालिकेत फिरवून न्या. एक पोल रिकामा सोडला तर फेज लॉस सेन्सिटिव्ह रिले (क्रमांक ११) वेळेआधी ट्रिप होईल.

२३. ट्रिप झाल्यावर रीसेट करण्याआधी काय पाहू?

स्क्रीन. रीसेटनंतर काही रिलेंवरचे आकडे पुसले जातात, म्हणून आधी फोटो काढा. ट्रिपचं कारण, त्या क्षणीचे तीन करंट, थर्मल कपॅसिटी आणि अर्थ करंट एवढं मिळालं तरी पुरे. थर्मल १०० टक्के आणि तीन करंट सारखे, तर यंत्राकडे जा: बेअरिंग, पट्टा, पंप. एक करंट शून्य, तर फ्यूज, काँटॅक्टरचे संपर्क आणि टर्मिनलचे स्क्रू. थर्मल ३० टक्के आणि कारण अर्थ फॉल्ट, तर रीसेट करू नका. सप्लाय तोडा, केबल मोटरपासून सोडवा आणि दोन्हींना वेगवेगळा मेगर लावा.